देवाकडे तक्रार करणे म्हणजे विश्वासात कमी पडणे का?

मोहननगरवासी (प्रश्न)

सर्वांना सप्रेम सलाम.

मी नागपूरच्या मोहननगर भागात राहतो आणि आमचे घर तीन पिढ्यांपासून मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती चर्चमध्ये, आहे. पत्नीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे गेली अडीच वर्षे तिचे डायलिसिस सुरू आहे. आठवड्यातून तीन दिवस जावे लागते आणि प्रत्येक वेळी चार तास यंत्राला जोडून पडून राहावे लागते. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी लिहितो की सुईपेक्षा आणि यंत्रापेक्षा माणसाला जास्त छळते ती तहान. लघवी जवळजवळ बंद झाल्यामुळे चहा, वरण, गोळीबरोबरचा घोट असे सगळे धरून दिवसाला एक लिटरच्या आत राहायचे, असे तिला डॉक्टरांनी बजावले आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि कूलरची हवासुद्धा अंगाला चटके देते. अशा दिवसांत ती सकाळीच दिवसभराचे पाणी मोजून एका तांब्यात भरून ठेवते आणि प्रत्येक घोटाचा हिशोब ठेवते. दुपारी बर्फाचा एक खडा तोंडात धरते आणि तो लवकर विरघळू नये म्हणून जीभ न हलवता बसून राहते. हिवाळ्यात गल्लीत संत्र्यांची हातगाडी आली की ती पुढे निघून जाईपर्यंत मी उगाचच काहीतरी बोलत राहतो, कारण पोटॅशियममुळे संत्रे बंद आहे. नागपुरात जन्मलेल्या बाईला संत्रे बंद, याचा अर्थ नागपूरकरांना वेगळा सांगावा लागणार नाही.

गेल्या महिन्यात एका घरी प्रार्थनासभा होती. बाहेरगावाहून आलेल्या एका उपदेशकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि नंतर सर्वांसमक्ष सांगितले की देवाची इच्छा प्रत्येकाला बरे करण्याचीच असते, त्यामुळे आजार हटत नसेल तर एक तर विश्वासात उणीव आहे किंवा कबूल न केलेले पाप आहे. परतताना ऑटोत ती एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर तांब्याकडे बोट दाखवून म्हणाली, "पाणी मोजता येतं. विश्वास किती लिटर लागतो, ते कोणी सांगेल का?"

तेव्हापासून रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेला ती बसते, पण तिची प्रार्थना आता प्रार्थनेसारखी राहिलेली नाही. ती देवाशी भांडते. "तुला दिसत नाही का?" असे मोठ्याने विचारते. माझी आई ऐंशीच्या घरातली आहे. ती कानांवर हात ठेवते आणि म्हणते की सुनेने असे अभद्र बोलू नये, आपले भोग आहेत ते मुकाट्याने भोगावेत.

माझे विचारणे असे आहे. दुःखात विश्वासात टिकून राहणे म्हणजे शास्त्राप्रमाणे नेमके काय? तोंडातून ब्र न काढता सोसणे म्हणजेच टिकणे का? आणि "जो शेवटपर्यंत टिकून राहील तोच तरेल" हे वचन, जे आम्ही लहानपणी शब्बाथशाळेत पाठ केले, ते तिला आता धमकीसारखे ऐकू येते. शेवट येण्याआधी माझा धीर सुटला तर तारणही सुटेल का, असे ती विचारते. मला उत्तर देता आलेले नाही. कृपा करून नुसत्या सांत्वनाच्या ओळी लिहू नयेत. त्या आमच्याकडे पुष्कळ जमल्या आहेत.

---

निवृत्त शास्त्रशिक्षक

बंधू, सलाम.

प्रथम तुमच्या मातोश्रींच्या शब्दाविषयी लिहितो, कारण त्या शब्दात अर्धा गोंधळ दडलेला आहे. "भोग" हा आपल्या मराठीचा शब्द आहे. तो वापरण्यात त्यांचा काही दोष नाही, आपण सगळेच वापरतो. पण त्या शब्दाच्या पोटात असे गृहीत आहे की जे वाट्याला आले ते कुठल्यातरी जुन्या हिशोबाचे येणे आहे. गंमत अशी की त्या उपदेशकांनी ख्रिस्ती भाषेत सांगितले तेही मुळात हेच होते, फक्त पूर्वजन्माच्या जागी त्यांनी "कबूल न केलेले पाप" ठेवले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाला पाहून हाच प्रश्न विचारतात की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी. प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांविषयीही तो स्पष्ट विचारतो की यरुशलेमात राहणाऱ्या इतरांपेक्षा हे अधिक दोषी होते असे तुम्हाला वाटते काय, आणि स्वतःच "नाही" म्हणतो. म्हणजे दुःखावरून पापाचा माग काढण्याची पद्धत खुद्द प्रभूने दोनदा मोडून काढलेली आहे. ती पुन्हा उभी करण्याचा अधिकार कोणत्याही उपदेशकाला नाही, मग त्यांची सभा कितीही मोठी भरत असो.

आता ईयोब, म्हणजे बायबलमधला तो नीतिमान मनुष्य ज्याच्यावर संकटांमागून संकटे आली. आपल्याकडे "ईयोबासारखा धीर" असे म्हणताना लोक पहिल्या दोन अध्यायांपाशीच थांबतात. परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य त्याचे नाव, एवढेच पाठ असते. पुढचे पस्तीस-चाळीस अध्याय वाचले तर तिसऱ्या अध्यायात हा मनुष्य आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. सातव्यात तो देवाला म्हणतो की मला थुंकी गिळण्यापुरती तरी उसंत दे. तेराव्यात तो देवाविरुद्ध फिर्याद मांडायला निघतो. त्याचे मित्र मात्र सुरेख बोलतात. त्यांचे प्रत्येक वाक्य भक्तिमान आहे आणि त्यातली बरीचशी वाक्ये संदर्भ काढून टाकला तर आजही भिंतीवर टांगता येतील. पण बेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वराचा राग भडकतो तो ईयोबावर नव्हे, मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाही, असे देव त्यांना सुनावतो, आणि वर असेही सांगतो की आता ईयोबच तुमच्यासाठी प्रार्थना करील. मी चाळीस वर्षे हा ग्रंथ शिकवला आणि दर वर्षी या ठिकाणी वर्गात शांतता पसरायची.

याकोब आपल्या पत्रात ईयोबाच्या धीराचे उदाहरण देतो ते याच ईयोबाचे. तिथे मूळ ग्रीकमध्ये "हुपोमोने" हा शब्द आहे. त्याची फोड केली तर "खाली राहणे" असा अर्थ निघतो, म्हणजे ओझ्याखालून निसटून न जाणे. माणसांशी वागतानाचा जो सोशिकपणा, त्याला ग्रीकमध्ये वेगळा शब्द आहे. कळमना बाजारात पोते पाठीवर घेतलेला हमाल पाहा. तो हुंकार देतो, घामाने निथळतो, कधी शिवीही हासडतो, पण पोते टाकून पळत नाही. त्याच्या हुंकारावरून कोणी म्हणत नाही की याने काम सोडले.

तुमच्या पत्नी देवाशी भांडतात, असे तुम्ही लिहिलेत. बंधू, ज्याच्याशी भांडतो त्याला आपण सोडलेले नसते. स्तोत्र ८८ एकदा त्यांच्याबरोबर वाचा. संपूर्ण स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे पुष्कळ आहेत, पण बहुतेकांच्या शेवटी स्तुतीचे एखादे वळण येते. या स्तोत्रात ते येत नाही. ते अंधारातच संपते. तरी त्याची सुरुवात "हे परमेश्वरा, माझ्या उद्धारक देवा" अशी आहे, आणि ज्यांनी ही गीते मंदिरात गाण्यासाठी एकत्र केली त्यांनी हे गीत वगळले नाही किंवा त्याला गोड शेवटही जोडला नाही.

---

जरीपटका_विश्वासी

आदरणीय सरांच्या अभ्यासाविषयी मला आदर आहे, पण माझा अनुभव निराळा आहे आणि तो सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्या आईला सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले होते. आम्ही उपास करून रात्रभर प्रार्थना केली आणि आज ती स्वतः चुलीवर भाकरी थापते. याकोबाच्याच पाचव्या अध्यायात लिहिले आहे की कोणी आजारी असेल तर मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, आणि विश्वासाची प्रार्थना आजाऱ्याला वाचवील. ते वचन आपण पुसून टाकायचे का? तक्रारीला इतकी मोकळीक दिली तर मागण्याची हिंमतच निघून जाईल, अशी मला भीती वाटते. त्या ताईंवर आरोप झाला ते चुकीचेच झाले, पण त्यामुळे प्रार्थना सौम्य करू नका.

---

निवृत्त शास्त्रशिक्षक

तुमच्या आईविषयी वाचून आनंद झाला, आणि ते वचन पुसावे असे मी मुळीच म्हणणार नाही. बरे होण्यासाठी मागावे, पुन्हा पुन्हा मागावे. माझा आक्षेप मागण्याला नाही. न मिळाल्यावर जो खुलासा केला जातो, त्याला आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात पौलाच्या अंगावरचे रुमाल नेले तरी आजारी बरे होत. त्याच पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी एक साधे वाक्य आहे की त्रफिमाला, म्हणजे आपल्या सोबत्याला, मी मिलेतात आजारी असता मागे ठेवले. त्याच्यात विश्वास कमी होता असे पौल लिहीत नाही, किंबहुना काही कारणच देत नाही. एपफ्रदीत हा दुसरा सोबती मरणाच्या दारातून परतला तेव्हा पौलाने त्याला देवाची दया म्हटले. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर तर त्याने थोडा द्राक्षारस घेण्याचा घरगुती उपाय सुचवला. आणि स्वतःच्या देहातल्या काट्यासाठी तीन वेळा विनंती करूनही तो काटा राहिला, फक्त "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढे उत्तर मिळाले. तुमची आई आणि त्रफिम, दोघेही एकाच मंडळीत बसू शकले पाहिजेत आणि दोघांपैकी कोणालाही मान खाली घालावी लागू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

---

रात्रपाळीची_सिस्टर

मी नागपुरातच परिचारिका आहे आणि बरीच वर्षे डायलिसिसच्या विभागात काढली आहेत. दादा, तुम्ही लिहिलेला बर्फाचा खडा मी रोज पाहते. वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी "मला तहान लागली आहे" या उद्गारावर शुभ शुक्रवारी आमच्याकडे दर वर्षी कोणीतरी बोलते आणि जवळजवळ नेहमीच "आत्म्यांची तहान" असा त्याचा अर्थ लावते. तसा अर्थ निघत असेलही, पण मला तो वक्ता आधी एका दुपारी आमच्या वॉर्डात आणून बसवावासा वाटतो. रक्त गेलेला, उन्हात टांगलेला देह पाणीच मागतो. आपल्या प्रभूची ती तहान खरी होती, आणि ती त्याने लपवली नाही, हे तुमच्या पत्नीला सांगा. माझ्या माहितीतल्या एका आजीबाईंना सगळ्या शास्त्रातले तेवढेच एक वाक्य पुरत असे.

सरांच्या हमालाच्या दाखल्यावर मात्र थोडे बोलते. ओझ्याखाली टिकून राहणे हे ठीक आहे, पण आपल्या समाजात, ख्रिस्ती घरांतसुद्धा, ओझे कोणाच्या पाठीवर ठेवायचे हे आधीच ठरलेले असते. "सोशीक" हे विशेषण मी पुरुषाला लावलेले क्वचितच ऐकले आहे. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बायकांना "वधस्तंभ उचल" असे सांगणारे लोक मला भेटले आहेत, आणि तेव्हा त्या वचनाचा अर्थ किती खाली ओढला जातो ते पाहून जीव विटतो. टाळता येण्याजोगे दुःख थांबवायचे असते. ज्या ओझ्याला कोणताच इलाज उरलेला नाही, त्याच्यासाठी धीर आहे. म्हणून विचारते की तुमच्या पत्नीचे पाणी, जेवण, फिस्टुलाचा (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने तयार केलेल्या रक्तवाहिनीचा) हात, येणेजाणे, यांपैकी काय काय दुसऱ्या कोणाच्या हातात देता येईल?

कारण विश्वासाचेही तसेच आहे. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघाती माणसाला छपरातून खाली सोडतात. येशूने काय पाहिले असे तिथे लिहिले आहे? "त्यांचा विश्वास." त्या खाटेवरच्या माणसाचा विश्वास किती होता याची चौकशीच झाली नाही. ज्यांना उभे राहता येते त्यांनी विश्वास धरायचा आणि ज्याला येत नाही त्याला उचलून न्यायचे, असा तो प्रकार आहे. निर्गमच्या सतराव्या अध्यायात लढाई चालू असताना वर धरलेले मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला धोंड्यावर बसवून दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवले. कोणी त्याला "हात वर ठेव, विश्वास धर" असे दुरून ओरडून सांगितले नाही. तुमच्या मंडळीत "आम्ही प्रार्थना करतो" म्हणणारे किती आणि चार तास यंत्राशेजारच्या स्टुलावर बसणारे किती, ते एकदा मोजा. हे मोजता येते.

भांडण्याविषयी एकच सांगते. आमच्या विभागात जे रुग्ण चिडतात, रडतात, यंत्राला नावे ठेवतात, त्यांच्याविषयी मला फारशी धास्ती वाटत नाही. जे अगदी शहाण्यासारखे गप्प होतात आणि मग एखाद्या सोमवारी येतच नाहीत, त्यांची वाटते. हे मी वैद्यकीय नियम म्हणून सांगत नाही, माझे पाहणे आहे.

---

सदरचा_कॅथलिक

तुमच्या चर्चेत आमच्या बाजूचे दोन शब्द घालतो. चालत नसतील तर सोडून द्यावेत.

आमच्या घरात आजी म्हणायची, "दुखतंय ना, ते अर्पण कर." लहानपणी मला ते अजिबात कळत नसे, उलट रागच येई. मोठेपणी पोप दुसरे जॉन पॉल यांचे ख्रिस्ती दुःखाविषयीचे पत्र वाचले, जे त्यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी प्रसिद्ध केले. त्याच्या तीन वर्षे आधी, मे १९८१ मध्ये, त्यांना स्वतःला गोळ्या लागल्या होत्या, त्यामुळे ते वाचताना लिहिणारा दुरून बोलतो आहे असे वाटत नाही. त्या पत्राचा आधार कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातले चोविसावे वचन आहे, जिथे पौल म्हणतो की ख्रिस्ताच्या क्लेशांतले जे उरले आहे ते मी आपल्या देहात, त्याच्या शरीरासाठी म्हणजे मंडळीसाठी, भरून काढतो. याचा अर्थ ख्रिस्ताचे बलिदान अपुरे होते असा कोणी घेत नाही. त्या दुःखात आपल्यालाही जागा आहे, आणि आजारी माणूस मंडळीवरचा भार नसून मंडळीसाठी काहीतरी करणारा माणूस आहे, असा आम्ही घेतो. अंथरुणावर पडलेल्याला "तुझा काही उपयोग नाही" असे जग सांगत असते, तेव्हा हे लहान नाही.

परंतु एक पथ्य आम्ही पाळले पाहिजे आणि नेहमी पाळत नाही. अर्पण ज्याचे त्याने करायचे असते. शेजाऱ्याने त्याच्या वतीने करून टाकायचे नसते. माझ्या आजीला ते म्हणण्याचा अधिकार होता, कारण तिच्या सांध्यांचे दुखणे तीस वर्षांचे होते. मी तुमच्या पत्नीला ते म्हणणार नाही.

दुसरे म्हणजे आजाऱ्यांचा अभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याचा विधी. पूर्वी तो "शेवटचा अभ्यंग" समजला जाई आणि फादर तेल घेऊन दारात आले की घरात रडारड सुरू होई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधी सुधारला, आणि आता तो गंभीर आजाराच्या सुरुवातीलाही दिला जातो, पुन्हाही घेता येतो. त्यात बरे होण्याचीही प्रार्थना असते आणि बळ मिळण्याचीही. जरीपटक्याच्या बंधूंचे वचन आणि सरांचा त्रफिम असे दोघेही त्यात मावतात, असे मला वाटते.

---

निवृत्त शास्त्रशिक्षक

सिस्टरांनी माझ्या हमालाच्या पाठीवर योग्य ठिकाणी बोट ठेवले. मान्य करतो.

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग अजून कोणी घेतलेला नाही, आणि माझ्या मते तोच अधिक टोचणारा आहे. धीर सुटला तर तारण सुटेल का?

याविषयी आपल्याच मंडळीत दोन मते बसलेली आहेत आणि त्याला इतिहास आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. त्यांत स्कॉटिश परंपरेचे प्रेस्बिटेरियन होते, अँग्लिकन होते, बाप्तिस्त होते, मेथडिस्टही होते. प्रेस्बिटेरियन परंपरा सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारावर, म्हणजे श्रद्धेची मते लिहून काढलेल्या दस्तऐवजावर, वाढलेली आहे. त्याच्या सतराव्या प्रकरणात म्हटले आहे की देवाने ज्यांना आपले म्हटले ते पूर्णपणे आणि कायमचे गळून पडू शकत नाहीत, आणि याचे कारण त्यांची इच्छाशक्ती नसून देवाचे न बदलणारे प्रेम आणि ख्रिस्ताची मध्यस्थी आहे. मेथडिस्ट परंपरा याउलट इशारा देते की मनुष्य कृपेपासून खरोखर दूर जाऊ शकतो, म्हणून सावध असावे. मी स्वतः पहिल्या घरात वाढलो, त्यामुळे माझे वजन कुठे पडते ते तुम्हाला कळेलच. पण दोन्ही घरांत एक गोष्ट समान आहे. दुःखाने थकून रडणे, ओरडणे, प्रार्थनेला शब्द न सुचणे, यांना कोणीही गळून पडणे म्हणत नाही. वेस्टमिन्स्टरचे अठरावे प्रकरण तर उघड सांगते की खऱ्या विश्वासणाऱ्याचीही खात्री डळमळू शकते, आणि देव कधी कधी आपला प्रकाश आवरून घेऊन त्याला अंधारात चालू देतो.

आता "जो शेवटपर्यंत टिकून राहील" हे वचन. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात ते छळ, विश्वासघात, खोटे संदेष्टे आणि थंडावत चाललेली प्रीती यांच्या वर्णनात येते. पकडून नेल्या जाणाऱ्या माणसांना "हे संपणार आहे, तग धरा" असे सांगण्यासाठी ते उच्चारले गेले. आजाऱ्याच्या पलंगापाशी तराजू लावण्यासाठी नव्हे. नव्या करारातली धीराविषयीची बरीच वचने मुळात छळाच्या संदर्भातली आहेत, आणि ती आजारपणाला लावताना आपण जरा जपून लावली पाहिजेत.

त्यांना माझ्या वतीने दुसरे एक वचन वाचून दाखवा. लूकच्या बाविसाव्या अध्यायात शिष्य पेत्र बढाई मारण्याच्या बेतात असताना प्रभू त्याला सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. त्याच रात्री पेत्राने तीन वेळा "मी त्याला ओळखत नाही" म्हटले. मग ती विनंती फुकट गेली का? पेत्र परत आला. त्याचा धीर सुटला होता, पण त्याला धरणारा हात सुटला नव्हता. आधी ख्रिस्ताची प्रार्थना आणि तिच्या आधारावर आपले टिकणे, असा हा क्रम आहे. आपण तो उलटा लावतो आणि मग रात्री झोप लागत नाही.

एक विषयांतर करतो, म्हाताऱ्याला माफ करा. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले आणि ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री टाकळघाटाजवळचे प्राचीन दगडी वर्तुळांचे अवशेष पाहून परतताना पुराच्या पाण्यात घोड्यावरून वाहून गेले. पन्नाशीही गाठलेली नव्हती. वीस वर्षांनी, १८८३ मध्ये, त्यांच्या नावाचे महाविद्यालय सुरू झाले. अनेक स्मृतिदिनांच्या भाषणांत मी ऐकले आहे की "देवाने त्यांना नेले, म्हणून हे रोप उगवले." मी असे कधी म्हटले नाही. महाविद्यालय चांगले आहे, मी तिथेच शिकलो, पण ते त्या रात्रीच्या पाण्याचा खुलासा होऊ शकत नाही. त्यांच्या पत्नीला कोणी तसे सांगितले असते तर तिने काय केले असते, कोण जाणे. देव वाईटातून चांगले काढतो हे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायावरून मी मानतो, परंतु चांगले निघाले म्हणून वाईट हे वाईट नव्हते असे मानण्याची सक्ती तो अध्याय करत नाही. त्याच अध्यायात सगळी सृष्टी कण्हत आहे आणि आत्माही शब्दांवाचून कण्हत आपल्यासाठी विनंती करतो, असे लिहिले आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या शहरात मारबत, म्हणजे पीडेचा पुतळा, मिरवणुकीने निघते. "इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" असा गजर होतो आणि गावाबाहेर तिला जाळतात. लहानपणी बडकस चौकात गर्दीत उभे राहून मी ती पाहिली आहे आणि त्यामागची माणसाची ओढ मला आजही समजते. पीडा कोणाच्या तरी डोक्यावर घालून वेशीबाहेर काढावी, असे कोणाला वाटत नाही? इब्री लोकांस पत्र म्हणते की येशूने वेशीबाहेर दुःख सोसले. तो पीडा घेऊन बाहेर गेला, आणि त्याच पत्रात पुढे आपल्याला सांगितले आहे की त्याच्याकडे वेशीबाहेर जा. याचा अर्थ मला अजून पूर्ण लागलेला नाही. पण जिथे तुमची पत्नी आज आहे, तिथे तो आधीच गेलेला आहे, एवढे मी त्यातून घेतो.

---

मोहननगरवासी

सर्वांचे आभार. उशिरा लिहितो आहे, कारण मधल्या आठवड्यात तिला ताप येऊन दोन दिवस भरती करावे लागले. आता घरी आहे.

सिस्टरांचा प्रश्न मी पाळकसाहेबांना जसाच्या तसा वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग स्त्रीसमाजाच्या बैठकीत त्यांनी विषय काढला. आता मंगळवारी आणि शनिवारी दोघी जणी आळीपाळीने तिच्याजवळ बसतात आणि मला तेवढ्या वेळात दुकान उघडता येते. त्यांच्यापैकी एकीला पाच मिनिटेही गप्प बसवत नाही, पण पत्नीची त्याबद्दल तक्रार नाही, उलट शनिवारची ती वाट पाहते असे दिसते.

जरीपटक्याच्या बंधूंनाही सांगतो की आम्ही मागणे सोडलेले नाही. प्रत्यारोपणाच्या यादीत तिचे नाव आहे आणि रोज रात्री आई त्यासाठी मागते.

गुरुवारी मी तिच्याशेजारी बसून स्तोत्र ८८ वाचले. हळू आवाजात वाचत होतो, कारण पलीकडच्या खाटेवरचे काका झोपले होते. ते संपल्यावर तिने विचारले, "पुढे?" मी म्हटले, पुढे काही नाही, इथेच संपते. तिने पुस्तक स्वतःच्या हातात घेऊन पान उलटून पाहिले, खरेच पुढचे स्तोत्र सुरू होते की नाही ते. मग म्हणाली, "याने निदान खोटं लिहिलं नाही." घरी आल्यावर तिने ते आईला वाचायला दिले. आईने चष्मा लावून दोनदा वाचले आणि काही बोलली नाही, पण त्या रात्री प्रार्थनेत सून जेव्हा "तुला दिसत नाही का" म्हणाली तेव्हा आईने कानांवर हात ठेवले नाहीत.

पेत्राचे वचन अजून वाचून दाखवायचे आहे. काल वाचणार होतो, पण तांब्यात अर्धा ग्लास पाणी उरले होते, ती ते हातात घेऊन खिडकीपाशी बसली होती आणि घोट घोट घेत होती, म्हणून म्हटले, राहू दे आज.